शुद्ध रेशीम आणि मागाखालची पिशवी

आमच्या विणकामाच्या खोलीत मागाखाली गोणपाटाची एक पिशवी टांगलेली असायची. विणताना तुटलेले, उरलेले, चुकलेले धागे त्यात टाकायचे. रोज मूठभर. वर्षअखेरीला ती एवढी फुगायची की मागावर बसलं की पायाला लागायची. आमचे किस्सेही असेच साठलेत. नंदा, भारती आणि मी अंधेरी स्टेशनबाहेर चहाला भेटलो की कुणीतरी एक टोक ओढते आणि सगळा गुंता बाहेर येतो. चहा थंड, हॉटेलवाला वैतागलेला!

* * *

टेक्सटाइल डिझाइनचा आमचा डिप्लोमा तीन वर्षांचा. विभागप्रमुख प्रधान सर. पहिल्या दिवशी सर कुणाला बसूच देत नसत. आधी भिंतीपाशी रांग. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये विणलेला एक तुकडा होता. मोरपंखी, सोनेरी, मध्येच लाल. चमकायचा मात्र झकास.

"हे मी विद्यार्थी असताना विणलं. शुद्ध रेशीम! नीट बघून घ्या. कचऱ्याला या खोलीत जागा नाही."

नंदा माझ्या कानात म्हणाली, "मग आपल्याला ॲडमिशन कशी मिळाली गं?"

सरांचे कान तिखट. दोघी खोलीबाहेर!

बाहेर भिकूमामा बसले होते. मामा मूळचे मालवणकडचे. सगळा जन्म मिलमध्ये गेला, आणि आता आमच्या कॉलेजचे माग सांभाळायचे. आम्हाला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "पयल्याच दिवशी? आमच्या मिलमदी लोकांका चार दिवस तरी लागत!"

* * *

दुसऱ्या वर्षी आम्हाला धागा ओळखायला शिकवलं. पद्धत सोपी. धागा चिमट्यात धरायचा, पेटवायचा आणि वास घ्यायचा. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो, सुती जळलं की कागदाचा. नायलॉन जळतच नाही, वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. एक लबाड प्रकार म्हणजे आर्ट सिल्क, नकली रेशीम. चमकतं रेशमासारखं, पण जळलं की कागदाचाच वास.

हे शिकल्यावर आम्ही महिनाभर माचिस घेऊन हिंडलो. माझे पप्पा मिलमधले. त्यांना त्यांच्या 'प्युअर कॉटन' शर्टाचा भारी अभिमान. मी शर्टाच्या खालच्या शिवणीतला धागा काढून पेटवला. गोळी झाली! टेरिकॉट! पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शर्टाशीही नाही.

नंदाचं घर घाटकोपरला. तिच्या मावशीने दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून 'शुद्ध सिल्क' साडी घेतली होती. नंदाने पदराच्या गोंड्यातला धागा जाळला. पुन्हा गोळी! मावशी आधी भडकली, मग दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार बायकांना घेऊनच आली. "आता हिची पण जाळ. माझीच एकटीची का फसलेली निघावी?"

रविवारपर्यंत कागदाच्या पुड्यांत धागे घेऊन अर्ध्या बिल्डिंगची रांग. शेवटच्या काकूंनी पुडी उघडली, तर आत केस!

"काकू, हे काय?"

"आमच्या होणाऱ्या जावयाचे. काल टॉवेलला लागले होते. खरे आहेत का बघ ना जरा."

नंदाने पेटवले. सगळ्या बायका वाकून वास घेत होत्या.

गोळी झाली!

* * *

तोपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच खूळ शिरलं होतं. डाइंगच्या प्रॅक्टिकलनंतर मोरीतून रोज लाल, निळं, जांभळं पाणी कॉलेजमागच्या नाल्यात जायचं. मी सरांना विचारलं, "हे पाणी पुढे कुठे जातं?"

"खाली," सर म्हणाले.

मोठ्या माणसांकडे उत्तरं कशी तयार असतात! मी ठरवलं, आपण कांद्याच्या सालींनी रंगवायचं. तुरटीच्या पाण्यात कापड भिजवायचं, सालींबरोबर उकळायचं, की सोन्यासारखा रंग येतो. सालींसाठी रोज सकाळी कांदिवलीच्या भाजीबाजारात जायचे. एक भाजीवाली मावशी आठ दिवस गुपचूप साली देत होती. नवव्या दिवशी तिने पिशवीत वर चार कांदे टाकले आणि हळूच म्हणाली, "हे पण घेऊन जा पोरी. नुसत्या सालींवर किती दिवस काढशील?"

घरी आईच्या मोठ्या पातेल्यात रंग उकळला. त्या रात्री आमच्याकडे पाहुणे, आणि आईने त्याच पातेल्यात भात लावला. पाहुणे म्हणाले, "वा! केशरी भात!"

आईने माझ्याकडे बघितलं. मी पाहुण्यांना आणखी वाढलं.

* * *

तिसऱ्या वर्षाचा हा किस्सा भारतीचा. ती बोरिवलीची, अंगाने एवढीशी, पण हातात जोर पैलवानाचा. सर मागापाशी उभं राहून शिकवत होते. "धोटा फेकताना घाई नाही. हात पाण्यासारखा चालला पाहिजे."

भारतीने पाण्यासारखा हात चालवला. आडवा धागा नेणारा तो लाकडी धोटा मागातून सुटला, खोली ओलांडून गेला आणि थेट फ्रेमच्या काचेत!

सरांनी धावत जाऊन फ्रेमला मिठी मारली.

"सर, लागलं का तुम्हाला?" भारती रडकुंडीला आलेली.

"मला मरू दे! रेशीम बघ, रेशीम!"

रेशमाला काही झालं नव्हतं. फक्त खालच्या कडेचा एक धागा सुटून लोंबायला लागला. नवीन काच बसवायला ऑफिसने तीन अर्ज मागितले, म्हणजे ती कधीच बसणार नव्हती. मी तो धागा आत खोचायला गेले, तर भिकूमामा मागून ओरडले, "हात लावू नको गो! जुना दुखणा आसा ता!"

मला वाटलं, म्हातारपण. दुसरं काय!

* * *

आणि मग फायनल प्रोजेक्ट. मागाखालची ती पिशवी बघून बघून मला राहवेना. वर्षभराचे धागे, आणि शेवटी कचराकुंडीत? मी पिशवी रिकामी केली. धागे सोडवले, गाठी मारल्या, उरलेल्या सुताला कांद्याचा रंग दिला आणि सहा हात लांब कापड विणलं. गाठी लपवल्या नाहीत. त्यांचीच नक्षी झाली.

सरांनी एक कोपरा दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा.

"हे काय आहे?"

"कापड, सर."

"हा कचरा आहे. नवीन सूत आणून पुन्हा विण."

"परीक्षा आठ दिवसांवर आलीय, सर!"

"मग पुढच्या वर्षी बस. मी तुझ्या परीक्षेच्या फॉर्मवर सही करणार नाही."

माझी वाट लागली. सही नाही तर परीक्षा नाही. पप्पांची मिल बंद पडून तीन वर्षं झाली होती, घर आईच्या डब्यांवर चालायचं. मुलुंडच्या एका प्रिंटिंग युनिटने डिप्लोमा झाला की ये, असं सांगितलं होतं. पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतंच!

भारती म्हणाली, "माफी माग ना यार."

"कशाची? गाठींची?"

परीक्षेच्या दिवशी सर यायच्या आत मी माझं कापड टांगलं. कुठे? सरांच्या फ्रेमच्या बरोबर शेजारी!

परीक्षक बाई बाहेरच्या होत्या. करडे केस, जाड चष्मा, कमी बोलणं. फ्रेमपाशी थांबल्या, मग माझ्या कापडापाशी, मग पुन्हा फ्रेमपाशी.

"दोन्ही एकाच हाताची का?"

"छे, छे!" सर पुढे आले. "हे माझं, शुद्ध रेशीम. ते बाजूचं काढायला सांगितलंय. त्या मुलीच्या फॉर्मवर सहीसुद्धा नाही."

"असू दे. एक प्रश्न विचारते," बाई माझ्याकडे वळल्या. "तो लोंबणारा धागा घे आणि ओळखून दाखव."

"तो नको, जुना आहे," सर घाईने म्हणाले. "मी दुसरा देतो..."

"जुना आहे म्हणूनच."

मी धागा तोडला. माचिस माझ्या पर्समध्ये होतीच. धागा भुर्रकन जळला. मी वास घेतला, सरांकडे बघितलं, पुन्हा वास घेतला.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"कागदाचा वास आहे," मी म्हणाले. "आर्ट सिल्क."

नंदाने भारतीचा दंड एवढा आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. आणि मागच्या बाजूने भिकूमामांचा आवाज आला, "मिलच्या जमनीवरचो कचरो तो, बाई. हो प्रधान पोरगो होतो तेव्हा. मियाच पिशये भरून दिलंय."

सर दोन्ही कापडांकडे बघत उभे राहिले. मग पुढे होऊन त्यांनी माझ्या कापडातली एक गाठ अंगठ्याने चाचपली, सैल आहे का बघावं तशी.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि सर, तुमच्या फॉर्मवर कुणी सही केली होती?"

सरांनी खिशातलं पेन काढलं.

"फॉर्म आण," ते मला म्हणाले.