जावेचे ब्लाउज

शुगर आम्हा दोघी जावांना एकाच वर्षी निघाली. मला गोळ्या मिळाल्या, बेसाला राहणाऱ्या मोठ्या जाऊबाईंना आठवड्यातून एकदा घ्यायचं, वजनही उतरवणारं इंजेक्शन. सहा महिन्यांत त्या बारीक झाल्या आणि स्वतःचे ढगळ झालेले ब्लाउज पिशवीत भरून माझ्याकडे घेऊन आल्या. "घे वं, तुले बरोबर बसतीन." मी हसून ठेवून घेतले. जीव नुसता जळत होता.

पुढच्या खेपेला डॉक्टर दोघींना म्हणाले, शुगरवाल्यांना आतड्यात गाठी होण्याचा धोका जरा जास्त असतो, दुर्बिणीनं तपासून घ्या. जाऊबाई लगेच म्हणाल्या, "माझ्या इंजेक्शननं तोही कमी होते म्हणतात." म्हणजे तेही यांच्याच वाट्याला! डॉक्टर म्हणाले, ते अजून नक्की नाही, दोघींनीही तपासा.

माझं आतडं स्वच्छ निघालं. त्यांच्या आतड्यात छोटी गाठ सापडली. ती तिथल्या तिथे काढली, साधीच होती. तरी त्या फोनवर रडल्या. मी धीर दिला. फोन ठेवला आणि मनात पहिल्यांदा आलं ते हेच: आता सगळं घर बेसाला धावणार, माझा चांगला रिपोर्ट कुणी विचारणारसुद्धा नाही.