सही न केलेला देश

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी फार तावातावाने बोलायचे. विमान अपहरणाविरुद्ध हेगला झालेला करार तेव्हा नुकताच अभ्यासक्रमात आला होता. अपहरण करणारा ज्या देशात सापडेल त्याने त्याला मागणाऱ्या देशाच्या हवाली करावं, नाहीतर स्वतः खटला भरावा. मोकळं सोडायचं नाही. हे कलम मला इतकं आवडायचं की नव्या पेठेत आईबरोबर खरेदीला गेले तरी तेच ऐकवायचे. विमान मात्र आमच्यापैकी कुणी जवळून पाहिलंही नव्हतं.

त्याच वर्षी दादाला तो काम करायचा त्या गिरणीने नवे माग शिकायला परदेशी पाठवलं. तो परत यायच्या दिवशी शेजारच्या रेडिओवर बातमी लागली: विमान पळवून वाळवंटातल्या एका देशात उतरवलंय. ते दादाचंच विमान होतं. गिरणीतून माणूस येऊन तेच सांगून गेला.

घरात कुणाला एका जागी बसवेना. मी उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. आई धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घ्यायची. शेवटी तिने विचारलं, तुझ्या पुस्तकात असल्या माणसांचं काय लिहिलंय? मी सवयीने सुरू झाले, की ते कुठेही गेले तरी सुटत नाहीत.

"त्येंचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आत बसल्याली माणसं हायती, त्येंचं काय लिवलंय?"

परीक्षेत ते कुणी विचारत नसे. पुस्तक काढून शोधलं तेव्हा एक छोटंसं कलम सापडलं: विमान ज्या देशात असेल त्याने प्रवाशांची पुढे जाण्याची सोय शक्य तितक्या लवकर करावी. मी तिला ते मराठीत नीट समजावून सांगितलं.

"पन त्या देशातल्या लोकास्नी हे ठावं हाय का?"

मी चपला अडकवल्या आणि सात रस्त्याला राहणाऱ्या आमच्या सरांकडे गेले. सर म्हणाले, त्या देशाने करारावर सहीच केलेली नाही, त्याला यातलं काहीच लागू नाही. परत येताना मला त्या देशाचा राग आला, सरांचा आला, आणि एवढं पाठ केलेल्या माझा तर सगळ्यात जास्त आला. आईला मी खरं तेच सांगितलं. ती शेजारच्या रेडिओकडे कान लावून दारात बसली.

दुसऱ्या दिवशी प्रवासी सुटले. त्या देशाने अपहरण करणाऱ्यांशी सौदा केला होता: माणसं सोडा, आम्ही तुम्हाला जाऊ देतो.

पुढच्या तासाला वर्ग खवळला होता. ही कायद्याची थट्टा आहे, असं सर म्हणाले. मी आता तोंड सोडणार म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. सरांचं बरोबर होतं. हे लोक उद्या दुसऱ्या कुणाचं विमान पळवतील, हे मलाही कळत होतं. पण दादा घरी पोचला होता, सकाळी माझ्यासमोर बसून भाकरी खाल्ली होती त्याने. ते पळवणारे सुटले याचं मला बरं वाटत होतं.