एफ-नाइन रिकामं नव्हतं

हसायचं नाही, या अटीवर सांगते. म्हणजे हसणारच तुम्ही, पण निदान तोंडातला चहा आधी गिळून घ्या.

माझी चार रात्रींची झोप एका ओळीनं उडवली होती. स्वराच्या डायरीत टीचरनी लिहिलं होतं, 'स्वरा वर्गात अजिबात बोलत नाही.' माझी स्वरा? जी घरात पालीशीसुद्धा गप्पा मारते? मग मी नेटवर काय काय वाचलं ते विचारू नका. साडेचार वर्षांच्या पोरीच्या भवितव्याचा पार निकाल लावून मोकळी झाले. त्यात शनिवारी पालकांची ऑनलाइन मीटिंग. प्रत्येक मुलानं टीचरशी बोलायचं, तेही सगळ्यांसमोर. तिथंही ती गप्प बसली तर?

शनिवारीच दुसरं संकट. मी नांदेडात घरबसल्या लग्नपत्रिका बनवते. चुलत नणंदेची पत्रिका त्याच दुपारी छापखान्यात जायची होती आणि पत्रिका काही केल्या ऐकेना! मराठी टायपिंग चालू करायला कंट्रोल-स्पेस दाबलं, की लाल ठसठशीत अक्षरांतली वधू एकदम बारीक, काळी. तेराव्याच्या कार्डासारखी! मी आधी स्वराला रागावले, मग व्हायरस शोधला, शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रफीकभाईंना फोन लावला.

"ताई, व्हायरस-बियरस काई न्हाई," ते म्हणाले. "भांडण हाय. टायपिंगचा प्रोग्राम अन् पत्रिकेचा प्रोग्राम, दोघं एकच बटन मागून राहिले. दोन जावा, एक चूल! टायपिंगला दुसरं बटन द्या."

"कोणतं देऊ?"

"जे रिकामं असंल ते. पण जितके प्रोग्राम उघडे ठिवता, तितक्या सगळ्यांत बघा हां."

बघितलं ना! दोन्हींत बघितलं. एफ-नाइन बिचारं रिकामं बसलेलं. लावलं. वधू लालच्या लाल राहिली. मला तर इंजिनिअर झाल्यासारखं वाटलं.

तिसरा प्रोग्राम माझ्या ध्यानातच नव्हता. मीटिंगचा. त्यात एफ-नाइन म्हणजे माइक! दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. मला हे फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, पुढची मजा तुम्हाला तरी येऊ द्या.

शनिवारी मीटिंग सुरू झाली. मी माउसनं माइक बंद केला, स्वराला मांडीवर घेतलं. अर्ध्या स्क्रीनवर टीचर, अर्ध्यावर पत्रिका. आपला नंबर येईपर्यंत पाहुण्यांची नावं टाकून होतील! नाव मराठीत, मोबाइल नंबर इंग्रजीत. म्हणजे नावाला एफ-नाइन, नंबराला एफ-नाइन. मराठी चालू, की माझा माइक चालू.

"अहो, देगलूरच्या मामांचं नाव काकांच्या वर टाकू का खाली?"

"वर टाक. खाली टाकलं तर मांडवातून उठून जातेत," हे आतून म्हणाले.

"अन् वर टाकलं तर काका जातेत! जाऊ द्या दोघांनाही, लग्न तरी शांततेत लागंल."

स्क्रीनवर एक आई ओढणीत तोंड खुपसून हसायला लागली. मला वाटलं, मागून हे गेले असतील.

"अहो, लुंगीवर फिरू नका, कॅमेऱ्यात दिसून राहिले तुम्ही!"

आता दोन बाबाही हसले. मी आणखी घाबरले आणि स्वराच्या कानाशी लागले. "टीचरनी विचारलं तर कापसाचा ससा मीच केला, असं सांग. मम्मीनं केला म्हणू नको. अन् डब्यात दोन दिवस बिस्किटं दिली, ते तर अजिबात नको." त्या सशाला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं होतं हो!

टीचर म्हणाल्या, "कुणाचा तरी माइक चालू आहे. प्लीज बंद करा."

"कसल्या कसल्या आया असतेत बघा," मी यांना म्हटलं. "लेकरं काय शिकणार यांच्याकडून?" आणि मामांचा नंबर टाकायला एफ-नाइन दाबलं.

"थँक्यू, झाला बंद," टीचर म्हणाल्या. मीही समाधानानं मान हलवली.

इथं थांबले असते तरी निभावलं असतं. पण नाही! मला समाजसुधारणा सुचली. चॅटमध्ये सगळ्यांना शुद्ध मराठीत समज द्यायची ठरवली. मराठीसाठी एफ-नाइन दाबलं, आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं म्हणत टाइप करायला लागले, "कृपया... सर्व पालकांनी... आपापले माइक..."

सगळा स्क्रीन हसून हलायला लागला.

"स्वराच्या मम्मी," टीचर डोळे पुसत म्हणाल्या, "तुमचाच आहे."

मी खाली बघितलं. माझं बोट एफ-नाइनवरच होतं. मामा, लुंगी, ससा, बिस्किटं, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. लॅपटॉप मिटावा आणि पहिल्या एसटीनं उमरीला माहेरी निघून जावं, असं वाटलं.

तेवढ्यात टीचरनी हाक मारली. "चल स्वरा, आता तुझा नंबर. वर्गात का गं बोलत नाहीस बाळा?"

स्वरानं माझ्याकडे बघितलं, मग टीचरकडे.

"मम्मी म्हणली, घरचं शाळेत सांगायचं नाही. अन् मला तर सगळं घरचंच येतंय." आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "पण टीचर, आता मम्मीनंच सगळं सांगून टाकलं. मग मी बोलू का?"