रिंग फ्रेमवरचं बोलणं

वृत्तपत्रातली नोकरी संपल्यावर मी परभणीतल्या एका वस्त्रशिक्षण केंद्रासाठी जुन्या गिरणी कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत होतो. केंद्राला या कामगारांचा लगेच उपयोग होता. नव्या सूतगिरणीत लागणाऱ्या मुलींचा वर्ग सुरू होणार होता आणि प्रत्यक्ष काम शिकवायला गिरणीत काम केलेलं माणूस हवं होतं.

बोरी गावच्या एका बाईंना ती जागा हवी होती. जुनी गिरणी बंद पडेपर्यंत त्या रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातण्याच्या यंत्रावर होत्या. चालत्या यंत्रावर तुटलेला धागा सांधणं हे त्यांचं काम. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं, "दरसाली पोरासंग ऊस तोडायला जाते. औंदा न्हाई जायचं. मला शिकवायचं हाय."

मी ध्वनिमुद्रण सुरू करून फोन मधे ठेवला, वही उघडली. त्या बोलू लागल्या आणि मी लिहायला मान खाली घातली, तशा थांबल्या. मान वर केली, की पुन्हा सुरू. असं चारदा झालं.

"का थांबता?" मी विचारलं.

"तुमी खाली बघायलात की."

"मी ऐकतोय."

"कशानं? कानानं?"

शेजारी शेंगा फोडत बसलेली त्यांची जाऊ हसू लागली. तीही त्याच गिरणीतली. "अवो भाऊ, गिरणीत कानाला कोन इचारतंय? तोंडाकडं बघितलं न्हाई की बोलनं वाया."

रिंग फ्रेमच्या खात्यात यंत्रांचा आवाज एवढा, की बायका ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. समोरच्याची नजर हलली की वाक्य तिथंच सोडायचं. गिरणी गेली, सवय राहिली.

केंद्राच्या विभागप्रमुख मॅडमनी ध्वनिमुद्रण ऐकलं. "बाई वाक्यावाक्याला अडखळतात. वर्गासमोर उभ्या राहतील?" शंका रास्त होती, माझं लिहिणं काही ध्वनिमुद्रणात ऐकू येत नव्हतं. मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग यंत्र चालू असताना बघू. मुलींना गिरणी दाखवायला न्यायचंच आहे. बाईंना सांगा, तिथंच ठरेल."

नव्या गिरणीत मॅडमनी मोठ्या आवाजात माहिती द्यायला सुरुवात केली. मागच्या मुलींपर्यंत काही पोचेना. त्यांनी बोलणं थांबवलं आणि बाईंना हातानं पुढं बोलावलं.

बाई ओरडल्या नाहीत. पहिल्या मुलीच्या खांद्यावर टिचकी मारली, दोन बोटं तिच्या डोळ्यांकडून स्वतःच्या ओठांकडे नेली. मग ओठ रुंद करत एकेक शब्द. बॉबिन फिरवणारी चाती थांबव. बॉबिनवरचं टोक शोध. कडीतून ओव. वरून येणाऱ्या कापसाला चिकटव. मुलीचा धागा निसटला. बाईंनी तेवढ्याच सावकाश पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी सांधा बसला. रांगेच्या टोकाच्या मुलीसुद्धा ओठ वाचू लागल्या होत्या. एकीचं लक्ष दाराकडे होतं. तिच्याकडे बघून बाईंनी काहीतरी खूण केली आणि सगळ्या जणी हसल्या. मला ती कळली नाही. बाहेर आल्यावर विचारलं.

"नवरा तिकडं न्हाई, धागा इकडं हाय, म्हनले."

बाहेर मॅडमनी त्यांना एकच प्रश्न विचारला. उन्हाळ्यात धागा जास्त का तुटतो?

"लग्नसराई असती. निम्म्या बाया गावाला. हात कमी पडतात."

मॅडमना हसू आवरेना. "हवा कोरडी होते, बाई. ओलावा कमी झाला की सूत कमजोर पडतं. म्हणून खात्यात पाण्याचे फवारे असतात."

"अगं बया! आमाला वाटायचं, ते आमाला गार वाटावं म्हून." त्यांनी पदर खोचला. "मंग ते तुमी शिकवा. सांधा मी शिकवते."

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी तिथूनच मुलाला फोन लावला. "ऊसतोडीला माझ्या जागी दुसरं कुनी बघ. अन् नातीला फडावर नेऊ नको, माझ्यापाशी ठिव. हितल्या शाळंत जाईल."

पलीकडून मुलगा बराच वेळ काहीतरी बोलत होता.

"इचारत न्हाई, सांगायले," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.