दोन रिकामी वर्तुळं

लव्हॉन स्टकीने सत्तावीस वर्षांत एकदाही टाळी वाजवली नव्हती. आमच्या वॉलनट फोर्कच्या शाळेचा बास्केटबॉलचा सामना असला की ती मैदानाच्या मध्यरेषेपाशी, स्कोअरच्या टेबलावर, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून बसायची. त्या टेबलावर बसणाऱ्याने ओरडायचं नाही, नाचायचं नाही, रेफरीचा उद्धार करायचा नाही, असा नियम आहे. बाकी गाव घसा फोडत असायचं, आणि गावातली सगळ्यांत तापट बाई मात्र ओठ मिटून वहीत आकडे भरत असायची. तिचा सगळा राग पेन्सिलीत उतरायचा. वहीचं एक पान उलटलं तर खालच्या तीन पानांवर वळ दिसायचे.

राग यायला कारणं भरपूर होती. आमच्या गावाची वस्ती एकवीसशे आणि शाळेच्या व्यायामशाळेत बसायच्या जागा बेचाळीसशे, यावरून काय ते समजा. पूर्वी इथे वीटभट्ट्या होत्या, म्हणून टीमचं नाव वीटवाले. भट्ट्या गेल्या, टीम राहिली. आणि ही टीम म्हणजे एक नंबरची लहरी! हिवाळाभर असं खेळायची की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यावं, आणि मार्चमध्ये सेक्शनल, म्हणजे बाद फेऱ्या, सुरू झाल्या की पोरांचे हात जणू कोणी रात्रीतून बदलून न्यायचं. यंदाचंच घ्या. राज्यात तिसऱ्या असलेल्या शाळेला जानेवारीत लोळवलं, आणि पुढच्याच शुक्रवारी, ज्यांच्याकडे जेमतेम नऊ पोरं आहेत अशा शाळेकडून मार खाल्ला. सेक्शनलची पहिली मॅच एकतीस गुणांनी जिंकली, दुसरी एका गुणाने, तीही समोरच्यांच्या कृपेने.

हे सोसायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. लव्हॉनचा नवरा डेलबर्ट शेवटची पाच मिनिटं पार्किंगमध्ये ट्रकात जाऊन बसायचा. मर्ल ऑट्स हा गावचा न्हावी, टीम हरली की तो आठवडाभर सगळ्यांचे केस जरा जास्तच बारीक कापायचा. आणि लव्हॉन? लव्हॉन डूख धरायची.

तिचा डूख मुख्यतः एका बाईवर होता. हॅर्मन हे आमच्यापासून अकरा मैलांवरचं गाव, आणि त्यांच्या स्कोअरच्या वहीवर आयलीन हॉवर्टन. बावीस वर्षांपूर्वी सेक्शनलची फायनल हॅर्मनच्या व्यायामशाळेत होती, त्यामुळे अधिकृत वही आयलीनच्या हातात. सामन्याआधी दहा मिनिटं बाकी असेपर्यंत दोन्ही शाळांनी खेळाडूंची नावं आणि नंबर लिहून द्यायचे, नंतर चूक निघाली तर दंड: समोरच्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बॉल रिंगणात टाकायच्या एकेका गुणाच्या दोन संधी, आणि वर बॉल. यादी लव्हॉनने लिहिली. स्टकींच्या घरात चौतीस नंबर चालत आलेला. डेलबर्टचा चौतीस, दिराचा चौतीस. तिच्या मुलाने, कर्टने, मात्र हट्टाने त्रेचाळीस घेतला होता. लव्हॉनच्या हाताने लिहिलं, चौतीस.

दहा मिनिटांची ती मुदत संपायच्या आधी चूक दिसली तर शेजारणीला हळूच कोपर मारायचं, ही स्कोअर लिहिणाऱ्यांची जुनी रीत. आयलीनने कोपर मारलं नाही. कर्टचे अकरा गुण तिने निमूटपणे चौतीसच्या ओळीत मांडले. आणि चाळीस सेकंद उरली, वीटवाले एका गुणाने पुढे, तेव्हा तिने रेफरीला बोलावून सांगितलं, "अहो, हा त्रेचाळीस माझ्या वहीतच नाही."

"आत्ताच दिसलं मला," असंही ती म्हणाली. त्यांच्या पोराने दोन्ही फ्री थ्रो आत घातले. आम्ही एका गुणाने हरलो.

त्यानंतर मर्लने गावाला एक विनोद दिला. लव्हॉन कोपऱ्यावरच्या हॉटेलात न्याहारीला आली की तो ओरडायचा, "लव्हॉन, अंडी किती? चौतीस का त्रेचाळीस?" टेबल हसायचं. कर्टच्या पाठीवर तर येणारा-जाणारा "काय रे चौतीस" म्हणून थाप मारायचा. पोरगा वर्षभर हसण्यावारी नेत होता. शाळा संपली तसा ॲरिझोनाला गेला, तो गेलाच. दर रविवारी फोन करायचा, पण बास्केटबॉलचा विषय निघाला की तिकडचं हवामान सांगायला लागायचा.

लव्हॉन आणि आयलीन त्यानंतरही वर्षातून दोनदा शेजारी शेजारी बसत होत्या. आयलीन दर वेळी पेपरमिंट पुढे करायची. लव्हॉन दर वेळी "थँक यू" म्हणून घ्यायची आणि घरी जाऊन कचऱ्यात टाकायची.

तर यंदा फायनल पुन्हा हॅर्मनशी, आणि या खेपेला आमच्या व्यायामशाळेत. अधिकृत वही लव्हॉनकडे. संध्याकाळी बर्फाचं वादळ येणार म्हणून सामना शनिवारी दुपारी दोनला ठेवला होता. आयलीनने यादी दिली. लव्हॉनने ती वहीत उतरवली आणि सरावाला उतरलेल्या हॅर्मनच्या पोरांवरून एकदा नजर फिरवली.

चाळीस नंबर. लाल केसांचा, काडीसारखा एक पोरगा. यादीत चाळीस नव्हता.

तिला लगेच उमगलं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, इथेच झालेल्या सामन्यात या पोराच्या नाकाचा घोळाणा फुटला होता आणि शर्ट रक्ताने भरला होता. तेव्हा तो चौदा नंबर होता. आज त्याला दुसरा शर्ट दिलेला, आणि आयलीनने यादी मात्र शुक्रवारच्या वहीवरून जशीच्या तशी उतरवली होती. घड्याळात सामन्याला अजून अकरा मिनिटं वीस सेकंद होती.

आयलीनने पेपरमिंट पुढे केली. "घे गं. यंदा तुमची पोरं छान खेळतायत. निदान डिसेंबरमध्ये तरी खेळली."

लव्हॉनने पेपरमिंट घेतली आणि तोंडात टाकली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. कोपर तिने पोटाशी घट्ट धरून ठेवलं. घड्याळ उतरत होतं: दहा एक. दहा. नऊ एकोणसाठ. पेपरमिंट भलतीच गोड लागली.

पण तो लाल केसांचा पोरगा मैदानात उतरेपर्यंत त्या चुकीचा काही उपयोग नव्हता, आणि तो बाकावर टॉवेल सांभाळत बसला होता. पहिला भाग गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आमची पोरं कधी बारा गुणांनी पुढे, कधी सहा गुणांनी मागे. "अरे, सोड की बॉल आत!" ती मनातल्या मनात किंचाळत होती आणि पेन्सिलीची टोकं मोडत होती. पाचवी पेन्सिल घेतली तेव्हा आयलीनने विचारलं, "बरी आहेस ना?"

अडतीस सेकंद उरली. हॅर्मन एकावन्न, वीटवाले पन्नास. हॅर्मनचा एक पोरगा पाच फाउल होऊन बाहेर गेला, आणि तो लाल केसांचा टेबलासमोर येऊन गुडघ्यावर बसला. घाबरून त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"तेवीसच्या जागी चाळीस, मॅम," तो म्हणाला.

त्याने 'मॅम' म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, असं लव्हॉनला क्षणभर वाटलं. फक्त क्षणभर. तिने रेफरीला हात केला आणि अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, हा चाळीस माझ्या वहीतच नाही." मग आयलीनकडे वळून, "आत्ताच दिसलं मला."

आयलीनचा चेहरा पांढराफटक पडला. लव्हॉनने तो डोळे भरून पाहिला. तो लाल केसांचा पोरगा कोणाकडे बघावं हे न कळून स्वतःच्या छातीवरच्या आकड्याकडे बघत उभा राहिला. रेफरीने शिट्टी मारली. दोन फ्री थ्रो, आणि वर बॉल वीटवाल्यांचा. बेचाळीसशे माणसं उभी राहिली.

फ्री थ्रो घ्यायला कोचने ब्रेडन गुथ्रीला पाठवलं. हंगामभर दहातले आठ आत घालणारा हा पोरगा, झोपेत उठवला तरी चुकणार नाही असा. पहिला बॉल रिंगणावर गरागरा फिरला आणि बाहेर पडला. दुसरा रिंगणाला शिवलासुद्धा नाही.

वहीत फ्री थ्रोसाठी एक वर्तुळ काढायचं आणि आत गेला तर ते भरायचं असतं. लव्हॉनने दोन वर्तुळं काढली. दोन्ही रिकामी. मग बॉल आत फेकताना आमच्या पोराने तो थेट दुसऱ्या रांगेत, पाद्र्यांच्या मांडीवर फेकला. हॅर्मनने आणखी दोन गुण घातले. त्रेपन्न-पन्नास. संपलं.

आयलीनने शांतपणे आपली वही मिटली, कोट घातला आणि खाली वाकून म्हणाली, "माझ्याकडून तेव्हा पाप झालं, लव्हॉन. आज आपली फिटंफाट. पण एक सांगते, राग मानू नकोस. आमच्या पोराने तेव्हा दोन्ही आत घातले होते."

 लव्हॉनला गुथ्रीचा गळा धरावासा वाटत होता. ती ट्रकात येऊन बसली. शेवटची पाच मिनिटं ट्रकात काढलेल्या डेलबर्टने फक्त तिचं तोंड पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

रविवारी कर्टचा फोन आला. या खेपेला तिने त्याला हवामानापर्यंत पोचूच दिलं नाही, सगळं सांगून टाकलं. नंबर, दहा मिनिटं, पेपरमिंट, सगळं. "तुझ्यासाठी केलं मी ते," ती म्हणाली. "आणि त्या गाढवाने दोन्ही घालवले!"

 पलीकडे कर्ट हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला.

"दोन्ही, मॉम?"

"दोन्ही. दुसरा तर शिवलासुद्धा नाही."

हसू ओसरल्यावर त्याने विचारलं, "आणि तो पोरगा? चाळीसवाला?"

"त्याला काय व्हायचंय? ते जिंकले ना."

"बरं झालं जिंकले." कर्ट म्हणाला. "हरले असते तर त्याला पण ॲरिझोना शोधावं लागलं असतं. त्या गुथ्रीला माझ्याकडून थँक यू सांग."

वीटवाल्यांच्या घरात जन्मलेला माणूस हॅर्मन जिंकलं ते बरं झालं म्हणतो, हे ऐकून लव्हॉनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने फोन ठेवला. पण त्या लाल मानेचा पोरगा काही डोळ्यांसमोरून हलेना. त्याला तिने त्याच जागी उभं केलं होतं जिथे कर्टला उभं केलं होतं आयलीनने. आयलीनने? आयलीनने तर एकदाच, चाळीस सेकंदांत काय ते करून टाकलं. त्यानंतर वर्षभर कर्टच्या पाठीवर थापा मारणारे हॅर्मनचे नव्हते. ती खुर्चीवरून उठली, तळघरात गेली आणि जुन्या वह्यांची खोकी खाली काढली. तिच्या आधी वही लिहिणाऱ्या बाईंनी जाताना सगळ्या वह्या तिच्या हवाली केल्या होत्या. गावाची साठ वर्षं त्या खोक्यांत होती. संध्याकाळपर्यंत ती तिथेच बसली होती.

सोमवारी सकाळी शाळेच्या आधी गुथ्री वडिलांबरोबर हॉटेलात आला. वडिलांच्या मागे मागे, टोपी डोळ्यांवर ओढून. मोठ्या टेबलावर मर्ल आणि त्याची पाच-सहा जणांची मंडळी कॉफी घेत बसली होती.

"गुथ्री," मर्ल ओरडला, "दोन अंडी मागवू नकोस हो! दोन्ही खाली पाडशील!"

टेबल हसलं. पोराचे कान लाल झाले. त्याचे वडीलसुद्धा कसनुसं हसले.

लव्हॉन खिडकीपाशी बसली होती. ती उठली आणि बगलेतली वही घेऊन थेट मर्लच्या टेबलापाशी गेली. त्याची बशी बाजूला सारून तिने वही उघडली आणि सामन्याआधी नावं पुकारतात तशा आवाजात वाचायला लागली.

"सन एकाहत्तर. सेक्शनलची फायनल, हॅर्मनविरुद्ध. मर्ल ऑट्स, नंबर बावीस. फ्री थ्रो नऊ." तिने वही सगळ्यांना दिसेल अशी उभी धरली. "मोजा. भरलेलं वर्तुळ एक. हरलो किती गुणांनी, मर्ल?"

मर्लने कप खाली ठेवला. "ते... त्यांची रिंगणं वाकडी होती."

"दोन गुणांनी हरलो. वाकड्या रिंगणात हॅर्मनने अकरा घातलेत, खालीच लिहिलंय." ती टेबलावरच्या एकेकाकडे बघत गेली. "डॉनी, तुझी पंचाहत्तरची वही गाडीत आहे. बाकीच्यांच्याही आहेत. आणू?"

कोणी हसलं नाही. डॉनीने कॉफीत तिसऱ्यांदा साखर घातली. गुथ्रीने टोपी वर केली आणि त्या पानाकडे, आठ रिकाम्या वर्तुळांकडे, कितीतरी वेळ बघत राहिला.

"मिसेस स्टकी," त्याने हळूच विचारलं, "माझं पान पण असंच राहणार?"

"राहणार. माझ्या वहीत खोडाखोड नसते," लव्हॉन म्हणाली. "आणि पोरा, माझ्या कर्टने तुला थँक यू सांगितलंय. का ते विचारू नकोस, मला अजून राग आहे तुझा."

ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि वही उघडीच समोर ठेवली. हॉटेलवाली कागद-पेन्सिल घेऊन आली.

"अंडी किती देऊ, लव्हॉन?"

लव्हॉनने मोठ्या टेबलाकडे बोट केलं. "मर्लला विचार."

हॉटेलवालीने मर्लकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मर्लला आकडा सुचला नाही.