गालावरचा अंगठा

दोन वर्षं झाली, मी अक्काच्या शेतावर हुरड्याला गेलो नव्हतो. अक्का माझी थोरली बहीण, खुलताबादजवळ राहते. आगटीभोवती बसून तिच्या हातचा गरम हुरडा खाणं म्हंजे आमची लहानपणापासूनची चैन. एका वर्षी मी गुडघ्याचं निमित्त काढलं. पुढच्या वर्षी तीच म्हणाली, "औंदा ज्वारी नीट नाय." मला बरंच वाटलं, कारण खरं दुखणं तोंडात होतं. पुढचे दात शाबूत, पण मागं सगळा उजाड माळ. ज्या भावानं दातानं ऊस सोलून बहिणीला दिला, त्याला हुरडा चावत नाय हे तिला कळू द्यायचं? लई लाज वाटायची.

शहरात, छावणी भागातल्या घरी मी भाकर कालवणात कुस्करून खायचो अन् वर म्हणायचो, अशीच ग्वाड लागते. सुनेला संशय आलाच. यंदा अक्काचं बोलावणं आलं तशी ती म्हणाली, "बाबा, आधी घरीच तपासू. फुटाणे चावतात?"

"व्हय."

"गाजर?"

"व्हय."

"मग हे चावा."

तिनं च्युइंगमचे दोन तुकडे दिले, एक निळा, एक गुलाबी. वीस वेळा चावायचं, रंग एकमेकांत मिसळले तर दाढा कामाच्या. मी लबाडी करून तीस वेळा चावलं. काढून बघतो तर निळा निळ्याच्या जागी, गुलाबी गुलाबीच्या, अबोला धरलेल्या जावांसारखे. "माल डुप्लिकेट हाय," मी म्हणालो. सून हसून हसून ओट्याला टेकली, मग मलाही हसू आवरेना. तरी तिला संगं घेऊन निघालो, कारण अक्काला अजून एकदा टांग मारायची माझी छाती नव्हती.

अक्कानं मूठभर हुरडा चोळून माझ्या हातावर ठेवला. मी तो गालात कोंबला आणि नुसतंच तोंड हलवत बसलो. आमचं घर मेंढपाळाचं. मेंढी घेताना गालावरून अंगठा फिरवतात, दाढा आहेत का गेल्या ते बाहेरूनच कळतं. अक्कानं माझी हनुवटी धरली आणि अंगठा फिरवला.

"आरं येड्या," ती म्हणाली, "कळपात असतास तर कवाच बाजार दावला असता तुला."

सून लोळायची बाकी राहिली. पण माझ्या ध्यानात आलं, अक्का मघापासून नुसती वाढत होती, खात नव्हती. बापानं ती विद्या दोघांनाही शिकवली होती. मी तिचा गाल धरला. अंगठ्याखाली गाल सरळ आत गेला, तिथंही उजाड माळ.

"म्हंजे ती ज्वारी..."

"ज्वारी झ्याक होती रं," अक्का खाली बघत म्हणाली. "तुला कळंल म्हून लाजले."

दोन वर्षांचा हुरडा आम्ही दोघांनी एकमेकांच्या भीतीनं घालवला होता. मग जे हसायला लागलो ते थांबेचना, माझ्या गालातला हुरडा सगळा आगटीत सांडला. अक्कानं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या सुनेला म्हणाली, "पोरी, घरातून खलबत्ता आण. दोघांचा संगंच कुटू."