उशिरा निघालेली माशी

आमच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांना मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून घालतात. माझ्या प्रयोगातल्या माश्यांच्या पेशींतले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या चुली, जन्मतःच अधू. भरपूर साखरेच्या बाटलीत सगळ्या अळ्या मेल्या. कमी साखरेच्या बाटलीत एक कोष तेवढा उरला.

"अंड्यापासून दहा दिवसांत माशी निघते. बारा झाले, टाकून दे ती बाटली," सर म्हणाले.

मी टाकली नाही. मी लहानपणी उशिरा चालायला लागले, तेव्हा येणारा-जाणारा तूप-बदाम चारायला सांगायचा. आई ठणकावायची, "कोंबू नका तिला. वाढेल तिची ती." वेळापत्रक आखणारे वाढणाऱ्याला कुठे विचारतात?

पंधराव्या दिवशी कोष फुटला. चुरगळलेले पंख घेऊन माशी काचेवर चढली.

"नोंदींच्या तक्त्यात पंधराव्या दिवसाचा रकानाच नाही," सर म्हणाले.

मी पट्टी घेतली आणि आखला.